अर्धा सूत

बाबनरावांच्या हाताबद्दल लोकांचं मत चांगलं होतं, पण खुद्द बाबनरावांचं त्याहून चांगलं होतं. लोकांचं मत लोकांनी सांगावं, आपण गप्प बसावं, एवढी साधी रीत त्यांना कधी जमली नाही. गोळीबार चौकात वडील मागावर बसत आणि ताण्याचा ताण नुसत्या तळहाताने दाबून सांगत, तोच गुण आपल्यात उतरला, हे ते चहावाल्यालाही ऐकवत. हिंगण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. किती आवळायचं हे आपल्याला कोणत्याच पान्याने सांगावं लागलं नाही, असं ते म्हणत, आणि बव्हंशी ते खरंही होतं. बढाईतलं खरं हे असं असतं, बव्हंशी.

निवृत्तीनंतर ते रायफल क्लबात जाऊ लागले ते पुतणीमुळे. धाकट्या भावाची प्रणाली एनसीसीत असताना पहिल्यांदा रायफल धरून पालथी पडली, ती पुढे तेरा-चौदा वर्षं पालथीच. पन्नास मीटरवरचं लक्ष्य, शर्टाच्या बटणाएवढा मधला दहाचा गोल, आणि साठ गोळ्या. क्लबातल्या रायफलींची सगळी डागडुजी मग बाबनरावांकडेच आली. प्रणाली त्यांना मोठेबाबा म्हणे. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तिची राज्य पातळीची पदकं तिच्या बापाच्या घरी कमी आणि मोठेबाबांच्या कपाटात जास्त होती.

रायफल म्हणजे मुळात दोन गोष्टी. एक तिचा लोखंडी जीव, म्हणजे नळी आणि नळीमागची ॲक्शन, जिच्यात गोळी भरली जाते. दुसरं तिचं अंग, म्हणजे खांद्याला आणि गालाला लागणारा दस्ता. दोघांना एकत्र धरतात ते फक्त दोन स्क्रू. प्रणालीच्या रायफलीचा अक्रोडाचा दस्ता बाबनरावांनी चार महिने घासून तिच्या गालाच्या मापाने केला होता, आणि ते दोन स्क्रू जुन्या कारखान्यात जाऊन तिथल्या लेथवर स्वतः कातले होते. दस्त्यापेक्षा त्यांना त्या स्क्रूंचंच कौतुक जास्त.

गेल्या दिवाळीनंतर प्रणालीने पुण्याच्या एका नेमबाजाकडून ॲल्युमिनियमचा चेसिस घेतला. निळा, ठिकठिकाणी पोकळ, हाडांच्या सांगाड्यासारखा. लाकडी दस्त्याच्या जागी आता हा येणार होता.

"मोठेबाबा, राग नका मानू," ती म्हणाली. "लाकूड पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात सुकते. दरवेळी गोळी दुसरीकडंच जाते. भोपाळची निवड चाचणी आहे, सत्तावीस वर्षांची झाली मी. आता नाई तर कधीच नाई."

"राग कायचा वं? आण इकडं, बसवून देतो," बाबनराव म्हणाले. राग तर आला होता, आणि तो नाकावर स्पष्ट दिसत होता. चार महिने घासलेल्या दस्त्याला पोरगी सर्पण ठरवते की काय!

क्लबातल्या मेजावर त्यांनी काम मांडलं. प्रशिक्षक अंकुशने मदत म्हणून आपला टॉर्क पाना पुढे केला. "काका, हा घ्या. किती आवळलं ते आकड्यात सांगते."

"आकडे तुले लागतेत गा. ठेव तो खिशात."

चेसिसच्या डब्यात इंग्रजीत छापलेला एक कागद होता आणि प्लास्टिकच्या पुडीत दोन नवे स्क्रू. प्रणालीने पुडी त्यांच्या हातात दिली. "हे लावायचे असतीन ना?"

बाबनरावांनी ती बघितलीसुद्धा नाही. "हा बाजारू माल. आपले घरचे आहेत ना." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! पुडी डब्यात परत गेली. त्यांनी ॲक्शन चेसिसच्या खाचेत ठेवली, आपले दोन्ही स्क्रू घातले, आणि मनगटाला 'बस' असं वाटेपर्यंत आवळले. प्रणालीने दहा गोळ्या मारल्या. दहाही मध्यात. बाबनरावांनी अंकुशकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

भोपाळला ती शून्य पूर्णांक सात गुणांनी राहिली. दहाच्या गोळीलाही वर दशांश मिळतात, तेव्हा सहाशेच्या वरच्या बेरजेत शून्य पूर्णांक सात म्हणजे काहीच नाही, आणि संघाबाहेर राहायला तेवढं पुरतं.

परतल्यावर ती थेट मोठेबाबांकडे आली. त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी चहा ठेवला. प्रणाली म्हणाली, "पहिल्या वीस गोळ्या चांगल्या गेल्या, मोठेबाबा. मग उजवीकडं जायला लागल्या. मी नेमाची साइट फिरवली तर डावीकडं. काही कळूनच नाई राहिलं. रायफलमधी काही असन का? एकदा खोलून पाहता?"

खोलून पाहायला दहा मिनिटं लागली असती. चहा निवायच्या आत झालं असतं. पण रायफल खोलायची म्हणजे आपल्या हातावर शंका घ्यायची, आणि ती तर त्यांनी उभ्या जन्मात घेतली नव्हती.

"रायफलीले काय होते वं?" ते म्हणाले. "म्या बसवली आहे ते. तुयाच हात हालला असन. एवढी मोठी मॅच, हालतेच माणसाचा."

प्रणालीने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. "असन," ती म्हणाली, आणि चहा अर्धा ठेवून उठली.

त्यानंतर ती रेंजवर पाच-सहा वेळा आली. प्रत्येक गोळीआधी थांबे, हात सैल करी, पुन्हा धरी, पुन्हा थांबे. अंकुश म्हणे, काय झालं तुला, इतका विचार करत नव्हतीस. मग तिने येणं सोडलं. हिंगण्याच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली, सकाळी कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. मोठेबाबांकडे सणासुदीला येई, सगळ्यांशी हसून बोले. नेमबाजीचा विषय निघाला की, "आपल्या हाताची गोष्ट नाई ते," एवढंच म्हणे. बाबनरावांना वाईट वाटे. पण कुणालाही वाटावं तसं, पोरीचं नशीब म्हणून. स्वतःचा त्यात काही संबंध असेल असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

सहा महिन्यांनी प्रणालीने रायफल विकायला काढली. अमरावतीची मयुरा नावाची नेमबाज घेणार होती. रविवारी क्लबात येऊन कागदपत्रं करायची ठरली. मयुराला चेसिस तर हवाच होता, पण जुना लाकडी दस्ताही हवा होता. दस्ता नीट बसतो का ते पाहायला शुक्रवारी दुपारी बाबनरावांनी क्लबात रायफल मेजावर घेतली आणि पहिल्यांदाच खोलली.

मागचा स्क्रू निघाला. पुढचा निघताना त्यांची मान आपोआप वर झाली. तो सैल व्हावा तसा होतच नव्हता. एकदम निघाला. त्याचं टोक चकचकीत घासलेलं होतं, शेवटचे आटे चेपलेले. त्यांनी ॲक्शन उचलून खाचेत पाहिलं. नीट बसलेल्या लोखंडाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा पडतो. इथे एकाच बाजूला पडला होता.

बाबनराव खुर्चीवर बसले. त्यांना आता कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. लाकडाचा तळ जाड असतो, चेसिसचा पातळ. लाकडासाठी कातलेला स्क्रू इथे जास्त आत गेला, ॲक्शनमधल्या भोकाच्या तळाला टेकला, आणि तिथेच घट्ट झाला. हाताला वाटलं, ॲक्शन धरली. धरली नव्हतीच. ती पुढून नुसती ठेवलेली होती. क्लबात दहा गोळ्या निभावल्या. भोपाळपर्यंतच्या गाडीच्या हादऱ्यांनी आणि पहिल्या वीस गोळ्यांनी ती हलायला लागली.

त्यांनी डब्यातली पुडी फोडली. नवा स्क्रू आपल्या स्क्रूला लावून बघितला. अर्ध्या सुताने आखूड. फिटरच्या मापातलं सगळ्यात फालतू माप, अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, नाण्याच्या जाडीएवढं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. "काय झालं जी?" कुसुमावतीबाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"कोणाले माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"कोणालेच नाई. नवे स्क्रू लावले, जुने फेकले, की झालं."

"मंग?"

"मंग काय? पोरगी जन्मभर म्हणन, माया हात खराब. मी ऐकत राहीन." त्यांनी खिशातला जुना स्क्रू तिच्यासमोर ठेवला. "स्क्रू चुकला ते सोड, कुसुम. स्क्रू कोणाचाही चुकते. थे इथं बसून विचारत होती, खोलून पाहा म्हणे. अन् म्या काय सांगतलं तिले?"

बाई म्हणाल्या, "मले काय सांगता? मी तर तवाच चहा देऊन राहिली होती. मीही कुठं बोलली?"

शनिवारी संध्याकाळी कंपनीची बस चौकात थांबली तेव्हा बाबनराव तिथे उभे होते. प्रणाली उतरली, त्यांना पाहून घाबरली. "मोठी आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुयाशीच काम आहे." त्यांनी खिशातून दोन्ही स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवले आणि रस्त्यावर, बसच्या धुरात, सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "तुया हात नव्हता हालला, प्रणाली. मायी चूक होती. तू पुडी देल्ली होती, म्या घेतली नाई. तू खोला म्हटलं, म्या खोललं नाई."

प्रणाली स्क्रूंकडे पाहत राहिली. बाबनरावांना वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. चौकातल्या चार लोकांसमोर काही बोलली असती तर त्यांनी ते मुकाट्याने ऐकलं असतं, आणि बरंही वाटलं असतं.

"सहा महिने मी माया हाताले शिव्या देल्ल्या, मोठेबाबा," ती हळू म्हणाली. "झोपताना हात पुढं धरून पाहत जाओ, हालते का म्हणून."

"नको विकू रायफल. मयुराले मी सांगतो, पाया पडतो तिच्या. पुढच्या चाचणीले तीन महिने आहेत."

तिचे डोळे लकाकले, हे बाबनरावांनी पाहिलं. फार दिवसांनी पाहिलं. "उद्या सकाळी मारून पाहू?" तिने विचारलं.

रविवारी सकाळी बाबनरावांनी नव्या स्क्रूंनी रायफल बसवली. अंकुशचा टॉर्क पाना मागून घेतला. कागदावर काय लिहिलंय ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पुढचा स्क्रू थोडा सैल करून सांध्यावर बोट ठेवून पाहिलं, ॲक्शन केसभरही उचलली नाही, तेव्हा तो पुन्हा आकड्यापर्यंत आवळला. इतकं नीट काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. मयुरा आली होती, ती बाजूला बाकावर बसली. तिला अंकुशने सगळं सांगितलं होतं, आणि ती भल्या मनाची, म्हणाली, ताईंना ठेवायची असेल तर माझी काही हरकत नाही.

प्रणाली चटईवर पालथी झाली. बाबनराव पडद्यासमोर उभे राहिले, तिथे प्रत्येक गोळीचा ठिपका उमटतो. पहिली गोळी दहावर. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. दुसरी नऊवर, वर. तिसरी आठवर, खाली. चौथी डावीकडे. प्रत्येक गोळीआधी ती थांबत होती, हात सैल करत होती, पुन्हा धरत होती. दहा गोळ्या झाल्या तेव्हा ठिपके शेणात दगड मारल्यासारखे चहूकडे उडालेले होते.

"रायफलच असन," बाबनराव घाईघाईने म्हणाले. "माया हातून पुन्हा काही चुकलं असन. अंकुश, तू मारून पाह्य बरं."

अंकुश चटईवर पडला. आयुष्यभर आपल्या कामाची बढाई मारलेला माणूस पडद्यासमोर उभा राहून मनापासून मागत होता की आपलं काम खोटं निघावं, गोळी भलतीकडे जावी, रायफलीत खोट सापडावी. अंकुशने पाच गोळ्या मारल्या. पाचही एकाच भोकात.

प्रणाली पडद्याकडे पाहत होती.

"तवा नव्हता हालत, मोठेबाबा," ती म्हणाली. "आता हालते."

तिने हे टोचून म्हटलं नाही. त्यांना तसं वाटू नये म्हणून बहुधा ती थोडं हसलीसुद्धा. मग अंकुशकडून पेन मागून घेतलं आणि मयुराला विचारलं, सही कुठे करायची.