माहेरी आलेलं लिंबू

विमानतळावर झाडं तपासणाऱ्या बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे 'जाळपोळबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. परवान्याशिवाय आलेलं रोप दिसलं की त्याची रवानगी थेट भट्टीत. मग कोणी रडो, भांडो, साहेबांच्या ओळखी सांगो. आईच्या अंगणातलं लिंबू परदेशी रोगानेच वाळलं होतं. कोणीतरी लपवून आणलेल्या रोपांबरोबर तो रोग आला आणि गल्लीतली सगळी लिंबं गेली, हे बाईंनी आल्यागेल्याला शंभरदा ऐकवलं होतं. ही नोकरीही त्यांनी त्या रागातच धरली होती.

आज रांगेत त्यांची थोरली बहीण उभी होती.

"तुमच्याकडे रोपं, बिया, माती काही आहे?" बाईंनी सवयीने विचारलं.

"तुम्ही-तुम्ही काय करतेस गं?" ताई हसली. "आहे की! आईचं लिंबू आणलंय."

ओल्या फडक्यातून वीतभर रोप निघालं. लग्न होऊन परदेशी जाताना ताईने आईच्या झाडाची फांदी सोबत नेली होती. तिकडे ती रुजली, फळली. इथलं मूळ झाड गेलं, तिकडचं राहिलं. त्याचंच हे पिल्लू. आईने अंगणात त्याच जागी खड्डा खणून ठेवलाय, हेही ताईने उत्साहात सांगून टाकलं.

बाईंच्या लेखी परवाना नाही म्हणजे परकं. पण हे परकं कसं? माहेरी परत आलेल्या झाडांबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी ताईकडे बघून म्हणाला, "मी चहा घेऊन येतो. मी काही पाहिलेलं नाही." भला माणूस! त्याच्या भलेपणाने बाई आणखीच गोंधळल्या.

त्यांनी एक पान उजेडात धरलं. पानावर पिवळे डाग होते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असला, तर झाड नुसतं उपाशी. एका बाजूला एक आणि दुसरीकडे भलतंच असलं, तर रोग. एरवी एका नजरेत त्यांचा निकाल लागायचा. आज पहिलं पान सारखं वाटलं, दुसरं नाही. पुन्हा पाहिलं तर नेमकं उलट. आपण पान बघतोय की आईचा चेहरा, हेच त्यांना कळेना.

"अगं, डाग काय बघतेस?" ताई म्हणाली. "आईच्या झाडावरही असेच होते. मी नेलं तेव्हापासूनच."

"तू नेलंस तेव्हा? तेव्हा तर इथे रोग आलाच नव्हता!"

"ते मला काय माहीत? डाग होते एवढं नक्की."

बाईंनी रोप टेबलावर ठेवलं. म्हणजे रोग बाहेरून आला, की आपल्याच अंगणातून ताईच्या पिशवीत बसून बाहेर गेला? की आईच्या झाडाला नुसतं खत कमी पडत होतं? इतकी वर्षं आपण नक्की कोणावर रागावलो होतो?

एक पान त्यांनी प्रयोगशाळेसाठी काढून ठेवलं. रोग आहे की नाही, ते प्रयोगशाळा सांगणार होती. तो कोणी कोणाला दिला, ते कोणीच सांगणार नव्हतं. आणि परवाना तर नव्हताच. बाईंनी रोप उचललं आणि स्वतःच्या हाताने भट्टीत टाकलं. ताई "अगं, अगं" करत राहिली. बाईंची पाळी संपल्यावर दोघी एकत्रच घरी गेल्या.

आई दारातच उभी होती. तिने आधी ताईला कुशीत घेतलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. ताईने मान फिरवली. आई काय ते समजली. तिने धाकटीचा हात धरून नाकाशी नेला. भट्टीवरून आल्यावर हात धुवायला बाई आज पहिल्यांदाच विसरल्या होत्या; लिंबाच्या पानांचा वास तसाच होता.

"आपलंच होतं गं," आई म्हणाली.

बाईंना हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

"मग खड्डा बुजवू का?"

"राहू दे."

"कशासाठी?" आईने विचारलं.

ते बाईंनाही माहीत नव्हतं.