दांडीवरचा ताईत

कोरियातल्या इंचॉनच्या त्या बावीस मजली इमारतीखाली शेदीडशे माणसं माना वर करून उभी होती. रंगारी, काच पुसणारे, मुकादम, पहिल्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या. टेबलावर डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडलं होतं, त्याच्या तोंडात लोक नोटा खोचत होते. काम सुरू करण्याआधी आम्ही ही पूजा करतोच. यंदा मात्र पेकुन भगत स्वतः रेशमी झग्यात दोराला लटकला होता, सहाव्या मजल्यावर.

"मला कोण धरतंय?" तो वरून ओरडला. "दोर? दोर तर बाजारातही मिळतो. मला डोंगरदेव धरतोय."

त्याने दोन्ही हात सोडले. तसूभरही घसरला नाही. खाली निम्मी गर्दी गुडघ्यांवर आली. त्याच्या डिसेंडरवर, म्हणजे दोरावरून उतरायच्या त्या लोखंडी डबीवर, लाल दोऱ्याने पिवळा ताईत बांधलेला होता.

"ताईत असला की सुरक्षेचा दुसरा दोर लावायचा नाही," खाली आल्यावर त्याने बजावलं. "दुसरा दोर म्हणजे देवावर संशय. संशयी माणसाला तो का धरेल?"

अकरा वर्षांपासून माझ्यासोबत काम करणारा जोडीदार सांग-गु याने लगेच ताईत घेतला.

"हातात मोजे आहेत, दादा. तूच बांध."

"कुठे बांधू, नाकाला?"

"डबीच्या दांडीला. हात तिथेच लागतो ना माझा. घट्ट बांध."

मी हसत तीन वेढे दिले.

तीन दिवस तो खूश होता. "लोण्यासारखं उतरतंय बघ," म्हणायचा. चौथ्या दिवशी नवव्या मजल्यावर रंगाची बादली सरकवायला त्याने दोन्ही हात सोडले आणि तो थेट खाली गेला. मी शेजारच्या दोरावर होतो. तेव्हापासून मला काही वाटत नाही. जेवतो, झोपतो, लोक बोलतात ते ऐकू येतं.

अंत्यविधीनंतर पेकुन पुन्हा कामाच्या जागी आला. "आदल्या आठवड्यात तो मयताच्या घरचं सूप प्यायला होता. विटाळ घेऊन दोराला हात लावला. देव काय करणार?"

माना डोलल्या. सांग-गुची बायको मी-रान नवऱ्याची हत्यारं न्यायला आली होती, ती खाली बघत उभी राहिली. नवरा स्वतःच्या पापाने गेला, हे ती आता दारोदार ऐकत होती. आणि सात रंगारी नवे ताईत दांडीला बांधून वर जायच्या तयारीत होते.

तेवढ्यात दोर-अवजारं दुरुस्त करणारी ओक-सुन मावशी हातगाडीवर वाळूचं पोतं घेऊन आली.

"भगतबुवा, हे पोतं कुणाच्या मयताला गेलेलं नाही. चालेल ना?"

तिने पोतं ताईत नसलेल्या डिसेंडरला दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर लटकवलं आणि दांडीला सुतळी बांधून ती खालून ओढली. पोतं घसरलं. सुतळी सोडली, पोतं थांबलं.

"वाळूलाही देव धरतो वाटतं," कोणीतरी म्हणालं.

"आतली चकती धरते," मावशी म्हणाली. "दांडी सोडली की ती दोर आवळते. दांडी दाबली की सैल. या भगताने स्वतःचा ताईत डबीला बांधलाय, म्हणून याची दांडी मोकळी."

मग तिने पेकुनचाच एक ताईत दांडीवर घट्ट आवळला. दांडी अर्धी दबूनच राहिली. दोराचं खालचं टोक मावशीने धरलं होतं तोवर पोतं अलगद उतरत होतं. मग सांग-गुने हात सोडले होते तसं तिने टोक सोडलं. पोतं आपटून फुटलं.

"पोत्यात श्रद्धा नव्हती," पेकुन म्हणाला.

"सांग-गुमध्ये होती," मावशी म्हणाली.

सातही जणांनी गाठी सोडायला घेतल्या. मी मी-रानपाशी गेलो.

"वहिनी, सूपबीप काही नाही. ती गाठ मी बांधली होती."

तिने मान वर केली. "तुम्ही दुसरा दोर लावला होता?"

"हो."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं."

ती हत्यारांची पिशवी उचलून निघून गेली.

माझा भगतावर कधीच विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासाचा सांग-गुला काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून सांगतो. देव मानायचा असेल तर घरी माना. वर जाताना दांडी मोकळी ठेवा, दुसरा दोर लावा. आणि जोडीदार यंत्राला काही बांधायला सांगेल तेव्हा हसू नका. याने यंत्र अडेल का, एवढं त्याला विचारा. मी विचारलं नाही.