वाकडा हात

रखमाजीने काठी फिरवली ती थेट सत्यशीलाच्या कपाळावर बसली. तिच्या हातातला ट्रे उडाला आणि औषधाची एक कुपी भिंतीवर फुटली.

"सुई टोच. आंगाला हात लावू नको," म्हातारा गुरगुरला.

"हात न लावता टोचायला मी काय गांधीलमाशी हाये, आबा?" पदराने रक्त पुसत ती म्हणाली.

सत्यशीला धावड्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. रखमाजीच्या मांडीच्या हाडात कॅन्सर. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि 'दुखणं तेवढं मारा' असं लिहून त्याला घरी पाठवलं. पाठीला जखमा होऊन किडे पडले होते. घरातलं कुणी खोलीत फिरकत नव्हतं. ती गेली की खाटेवर गोमूत्र शिंपडायला मात्र सगळे हजर.

वस्तीने धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या बापाने, पुंजारामने, रखमाजीचा मेलेला बैल ओढायला नकार दिला होता. रखमाजीने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा हात कोपरात मोडला. सात वर्षांच्या सत्यशीलाने हाड मोडल्याचा आवाज ऐकला होता.

आजची कुपी फुटली होती, आता उद्याची एकच उरली होती. ती पिशवीत टाकून निघून जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. म्हातारा दातांनी गोधडी फाडत होता. तिने त्याचा दंड गच्च धरला आणि सुई टोचली.

थोड्या वेळाने काठी त्याच्या हातातून गळली.

"पुंज्याची ना तू?" तो पुटपुटला.

"व्हय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपेतच गेला.

सकाळी त्याचा लेक सर्जेराव पुंजारामच्या दारात येऊन उभा राहिला. "पुंजारामबाबा, आंघोळ घालायला कोणी पुढं येईना. लई वास सुटलाय. तुमी चला."

पुंजाराम चुलीपुढून हलला नाही. "मेलेलं ढोर ओढायचं आमी कवाच सोडलं, सर्जेराव."

"माणूस हाये तो, बाबा. बाप हाये माझा."

"हे बराबर बोलला. मंग आंघोळ तू घाल. पाणी मी वततो."

पुंजाराम उठला. सदऱ्याच्या बाहीत त्याचा वाकडा हात आपला आपण जात नसे. कपाळाला पट्टी बांधलेल्या सत्यशीलाने तो हलकेच धरून आत घातला.