केळीचे डाग

सुंदरबाईला राग यायला मुहूर्त लागत नसे, आणि गेल्या दोन वर्षांत तर तो उतरलाच नव्हता. गिरणा नदीच्या पात्रातून दिवसाढवळ्या वाळूचे डंपर भरून जात होते, काठावरची तिची विहीर कोरडीठाक पडली होती, आणि ठेकेदार वर तोंड करून विचारत होता, पुरावा काय? गावातल्या पुरुषांनी तोंडाला कुलूप लावलं, तेव्हा हिने पदर खोचला.

डंपर नदीत उतरायचे ते जीवरामच्या शेतातून. त्याने वाट दिली नसती तर ठेकेदाराची काय बिशाद होती! पण त्याच जीवरामच्या घरात सुंदरबाईचा पुरावा तयार होत होता. त्याची बायको ताईबाई नवऱ्याच्या नकळत शाळेच्या एका जुन्या वहीत रोज डंपरचे नंबर आणि वेळा लिहून ठेवायची. तिची अट एकच, आपलं नाव कुठे येता कामा नये.

तिने केलेल्या तक्रारीची सुनावणी मंगळवारी चाळीसगावच्या तहसील कचेरीत होती. आधीच्या गुरुवारी आंदोलनातल्या पोरांच्या बैठकीत सुंदरबाई भडकली आणि बोलून गेली, "त्या जीवरामन्या केयी आडव्या कर्याबिगर त्याले समजनार नही!" पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवारी सकाळी जीवरामच्या बागेतली केळीची सातशे झाडं आडवी होती. पंधरा दिवसांत कापणीला येणारे घड मातीत लोळत होते. आणि सुंदरबाईच्या मोरीत, बादलीत, तिच्या मुलाचा, ललितचा, शर्ट भिजत होता. केळीच्या चिकाचे डाग किती घासले तरी जात नाहीत, हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विहीर आटल्यापासून यांच्या शेतात केळीचं एक खोड नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाई काय करं रे तू?"

"माय, तूच तं सांगेल व्हतं," ललित म्हणाला. लाज नाही, भीती नाही.

तिने ओल्या शर्टानेच त्याला दोन फटके हाणले. पण फटके खरे कुणाला बसायला हवे होते, ते तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

दुपारी ताईबाई आली. डोळे रडून सुजलेले. तिने वही समोर ठेवली.

"अक्का, हाई वही ले. फक्त एक सांग. कोनी तोड्यात आमन्या केयी?"

"माले माहीत नही," सुंदरबाई म्हणाली. ठेकेदाराला उठताबसता खोटारडा म्हणणारी बाई! आणि वही मात्र तिने घेतली.

मंगळवारी कचेरीत साहेबांनी वही चाळली. ठेकेदाराचा वकील उठला. "साहेब, ही कुणी लिहिली त्याचा पत्ता नाही. आणि याच बाईच्या माणसांनी जीवरामची बाग कापली. आंदोलन नाही, गुंडगिरी आहे ही."

"तुमच्या माणसांचा यात हात आहे का, बाई?" साहेबांनी विचारलं.

मागच्या बाकावर जीवराम आणि ताईबाई बसले होते. दाराशी उभा असलेला ललित मान हलवून नाही नाही म्हणत होता. एक 'नाही' म्हटलं की मुलगा सुटत होता, लढा वाचत होता. सुंदरबाईला स्वतःची किळस आली.

"आहे, साहेब. माझ्या ललितने तोडली. तोडा असं मी बोलले होते. दोघांची नावं लिहा."

"वाटोळं केलं अक्कानं!" तिच्याच बाजूचा एक पोरगा ओरडला. ललित खुर्चीला लाथ मारून निघून गेला. वकील हसला. "आता या बेवारस वहीला काय किंमत, साहेब?"

साहेबांनी वही मिटून बाजूला सरकवली. दोन वर्षांचं भांडण त्या मिटलेल्या वहीत संपलं, असं सुंदरबाईला वाटलं.

तेवढ्यात मागचा बाक करकरला. ताईबाई उभी राहिली होती. जीवरामने तिचा पदर धरून खाली ओढलं, तिने तो हिसकून सोडवला.

"वहीमझारलं अक्षर मनं शे, साहेब," ती म्हणाली. "बठ्ठं मी लिखेल शे."

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. सुंदरबाईने सरकून वाट दिली, हात पुढे केला. ताईबाई तिच्याकडे न बघता टेबलापाशी गेली.