धाकट्या जिभेचे तीन महिने

त्या बिस्किटांच्या कारखान्यात दोन जिभा पगारावर होत्या. थोरली जीभ म्हणजे एकतीस वर्षं चव बघत आलेले काका, आणि धाकटी जीभ म्हणजे त्यांच्या हाताखालची, नुकतीच तिशीला टेकलेली बाई. ही नावं हजेरीपटावर नव्हती. हजेरीपट सोडून बाकी सगळीकडे होती. थोरली जीभ आता निवृत्त होणार होती. तिची खुर्ची धाकटीला द्यायची की बाहेरून कोणाला आणायचं, हे मॅनेजरसाहेब तीन महिने धाकटीचं काम पाहून ठरवणार होते.

खुर्ची मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर तिच्यावर नीट बूड टेकेपर्यंत, म्हणजे एकूण दोन वर्षं, पाळणा लांबवायचा असं धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं. ठरवताना दोघं कुजबुजत होते, कारण भिंतीपलीकडे सासूबाई होत्या.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "रोज एक, ठरलेल्या वेळी. रात्री जेवणानंतर घ्या, म्हणजे पोटाला त्रास कमी. सुरुवातीला मळमळेल, डोकं जड होईल, मधेच थोडे डाग दिसतील, उगाच रडू येईल. घाबरायचं नाही, बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत जमतं. नाहीच जमलं तर गोळी बदलू. पण पायात कळ आली, छातीत दुखलं किंवा डोकं भयंकर दुखायला लागलं, तर वाट न बघता सरळ इकडे यायचं."

"तीन महिने?" धाकटीने विचारलं.

"तुम्हाला कुठे जायचंय का?"

धाकटीला कुठेच जायचं नव्हतं. पण तिची परीक्षा आणि गोळीची परीक्षा एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपणार होती. दैव कधीकधी फार काटेकोरपणे काम करतं. विशेषतः कोणी सांगितलेलं नसताना.

रात्रीच्या जेवणाला मात्र सासूबाई समोर असायच्या, आणि जेवणानंतर कोणी काही गिळलं तर ते काय, हे विचारणं त्या आपलं कर्तव्य मानत. म्हणून धाकटी गोळी पहाटे, उपाशीपोटी, न्हाणीघरात नळ सोडून घेऊ लागली. गोळी गिळण्याचा आवाज होत नाही हे तिलाही माहीत होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

चौथ्या दिवशी तिला एक बूट बघून रडू आलं. बूट तिचा नव्हता. रस्त्याच्या कडेला एकटाच पडला होता.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. दिवसभर तेच केल्यामुळे त्याला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने विचारपूस करता येत नसे. बायको पलंगाच्या कडेला डोकं धरून बसली, की तो समोर स्टूल घेऊन बसायचा.

"मळमळ आत्ता जास्त आहे, की मघाशी जास्त होती?"

"आत्ता."

"आणि आता?"

"तशीच."

"डावीकडे वळल्यावर बरं वाटतं, की उजवीकडे?"

"तू दुसऱ्या खोलीत गेलास की बरं वाटतं."

तो लगेच उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथून ओरडला, "आता?"

सासूबाई हे सगळं बघत होत्या. सकाळी ओकारी, दुपारी डोळ्यांत पाणी, भाजीच्या फोडणीला नाकावर पदर. बाई माणसाने यावरून जे ओळखायचं ते त्यांनी ओळखलं, आणि तोंडाने एक अक्षर न काढता लोकरीचे दोन गुंडे बाहेर काढले.

"आई, मोजे विणताय?"

"थंडी येतेय."

"एवढुसे?"

"सुरुवातीला थंडी लहानच असते," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या पाठीशी हळूच एक उशी सरकवली.

मूल नको म्हणून घेतलेल्या गोळीने घरात मुलाची तयारी सुरू केली होती. धाकटी उशीला टेकून रडली. सासूबाईंना वाटलं, आनंदाने.

तिसऱ्या आठवड्यात गोळीचं प्रकरण कारखान्यापर्यंत पोचलं.

कारखान्यात चव बघण्याची एक पद्धत होती. प्रत्येक घाण्यातली सहा बिस्किटं टेबलावर यायची. चवकऱ्याने चावायचं, घोळवायचं, भांड्यात थुंकायचं, चूळ भरायची आणि पास की नापास ते सांगायचं. नियमांचा कागद भिंतीवर होता. त्यातला चौथा नियम असा, की निकाल न देता चवकरी टेबल सोडून गेला, तर घाणा नापास समजून भट्टी ताबडतोब बंद करावी. फार पूर्वी खवट लोण्याचा एक घास घेऊन एका चवकऱ्याने खिडकीतून उडी मारली होती. खिडकी तळमजल्याची होती, त्यामुळे माणूस वाचला आणि नियम तयार झाला.

त्या सकाळी लोणी ताजं होतं. पीठ, साखर, भाजणी, सगळं जिथल्या तिथे. धाकटीने पहिला घास घेतला, लोण्याचा दरवळ नाकात शिरला, आणि पहाटेची गोळी, चहा आणि आदल्या दिवसाचं बरंचसं एकदम वर येऊ लागलं. तोंडावर हात दाबून ती पळाली.

ती बेसिनवर वाकलेली असतानाच भट्टी बंद झाली. कारखान्यात भट्टीचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. तो थांबल्यावर मात्र सगळ्यांना ऐकू आला.

तोंड धुऊन ती बाहेर आली तेव्हा भट्टीमामा टोपी काढून उभे होते. एकोणीस वर्षांत या माणसाचा एकही घाणा नापास झाला नव्हता. समोर गाडीवर बिस्किटांचे चोवीस ट्रे गुरांच्या खाद्यात भरडायला निघाले होते, आणि मामा एकामागून एक बिस्किट खात त्यात आपली चूक शोधत होते. नववं खाताना त्यांचे डोळे भरून आले.

"मला सापडत नाही हो," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "पण ती ओकली म्हणजे असणारच काहीतरी. माझाच हात चुकला."

धाकटी गप्प राहिली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. जिभेला कारण विचारायची कारखान्यात रीत नव्हती. उलट, 'काय तिखट जीभ आहे' म्हणून मॅनेजरसाहेबांनी शेराही मारला असता. आणि खरं बोलली, तर ज्या जिभेचा भरवसा नाही तिला खुर्ची कोण देणार? पाच-सहा सेकंद तिने विचार केला. तेवढ्यात मामांनी दहावं बिस्किट उचललं.

"मामा, ठेवा ते! घाणा चांगला आहे!" ती जोरात ओरडली. भट्टी बंद असल्यामुळे ते पॅकिंगपर्यंत गेलं. "माझंच पोट बिघडलंय. गोळ्या सुरू केल्यात मी."

"कसल्या गोळ्या?"

"मूल नको म्हणून घेतात त्या."

चाळीस माणसांनी माना वळवल्या. मामांनी टोपी हातात दोनदा फिरवली.

"म्हणजे माझ्या बिस्किटांमुळे नाही?"

"नाही मामा."

"लोणी?"

"लोणी झकास आहे."

"मग तू पाहिजे तितकं ओक, बाई," मामा गहिवरून म्हणाले, आणि टोपी डोक्यावर चढवून भट्टीकडे धावले.

थोरल्या जिभेने तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. धाकटीने आधीच सांगायला सुरुवात केली.

"काका, मला कळतंय की या दिवसांत माझ्या जिभेवर..."

"गप्प बस आणि हे मोड." काकांनी एक बिस्किट पुढे केलं. "कानाजवळ धरून."

तिने मोडलं. कट्ट.

"आता हे."

दुसरं मोडलं. ते जरा बसक्या आवाजात तुटलं.

"काय झालं याला?"

"ओलसर राहिलंय?"

"मधे कच्चं आहे. चार मिनिटं आधी काढलंय." काका मागे रेलले. "बारा वर्षांपूर्वी मला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. तेव्हापासून मला साखर आणि मीठ यापलीकडे काही कळत नाही."

"बारा वर्षं? आणि व्हॅनिला? वेलची?"

"पॅकिंगच्या पोरींची तोंडं बघतो. त्या चोरून खातात. ज्या दिवशी चोरत नाहीत, त्या दिवशी घाणा नापास."

धाकटीला हसू आलं, आणि सध्याच्या तिच्या रिवाजाप्रमाणे पाठोपाठ रडूही आलं. काकांनी रुमाल दिला.

"तू चाळीस जणांसमोर बोललीस. मला बारा वर्षांत एकालाही सांगता आलं नाही. उद्यापासून अर्धा तास लवकर ये. कान तयार करू."

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. पॅकिंगमधली एक बाई सासूबाईंच्या ओळखीची होती. रात्री जेवणं होत आली तसं सासूबाईंनी मोज्यांचं विणकाम टेबलावर ठेवलं. दीड मोजा झाला होता.

"गोळी घेतेस म्हणे."

नवऱ्याने घास तोंडातच धरून ठेवला. धाकटीने मान हलवली.

"उपाशीपोटी?"

"हो आई."

"नळ सोडून. मला वाटायचं, ही रोज पहाटे एवढं काय धुते." सासूबाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "आजपासून अशी, जेवण झालं की माझ्यासमोर. लपून खाल्लेलं पचत नाही. मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा? माझ्या वेळी हे असं सहज मिळत असतं, तर मला दोनच मुलं असती."

नवऱ्याने घास गिळला. तो तिसरा होता.

"आई?"

"तू जेव रे," सासूबाई म्हणाल्या. "आता आहेस ना!"

पहाटेची गोळी रात्रीवर आणायची कशी, हे डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, आणि गोळी रात्रीची झाली. मळमळ आठवड्याभरात अर्धी झाली. डाग दुसऱ्या महिन्यात थांबले. रडू सगळ्यात शेवटी गेलं; जाता जाता एका जाहिरातीवर आणि शेजाऱ्याच्या एका मोडक्या खाटेवर खर्च झालं. तोवर धाकटी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, भट्टी किती मिनिटं जास्त झाली ते सांगू लागली होती.

तीन महिने संपले त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी दोन्ही जिभांना बोलावलं.

"काम उत्तम आहे," ते कागद चाळत म्हणाले. "पण तो एक दिवस... तुम्ही स्वतःच सांगितलंत म्हणून विचारतो. उद्या गोळ्या बंद केल्यात, मूल व्हायची वेळ आली, तर पुन्हा तीच मळमळ. तेव्हा खुर्चीचं काय?"

"तेव्हा मी घास घेण्याआधीच सांगेन, की आज जीभ बंद आहे." धाकटीने बशीतलं एक बिस्किट उचललं, त्यांच्या कानाजवळ नेऊन मोडलं. "पण कान चालू असतील. हे परवाचं आहे साहेब, डबा नीट लागला नव्हता."

साहेबांनी उरलेला तुकडा खाल्ला. नरम होता.

"खुर्ची तुमची," ते म्हणाले, आणि सही करताना डोकं हलवत राहिले. "कमाल आहे. नुसत्या कानाने! काका, एकतीस वर्षांत तुम्ही हे कधी केलं नाहीत."

काका खिडकीबाहेर बघत होते. खिडकीसमोर कारखान्याचीच भिंत होती.