कामगारांच्या सोयीचा पॉइंट

चिखलीच्या बाहेर कॉलेजच्या लायब्ररीची दुमजली इमारत उभी राहत होती, आणि संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांना तिच्यासाठी हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं म्हणजे हवंच होतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं की पॉइंट, जुने कडुलिंब वाचवले की पॉइंट, छतावर ऊन अडवलं की पॉइंट. ही सगळी बेरीज साइट इंजिनिअर हरिओमच्या गळ्यात पडली होती. पहिलीच नोकरी. बिचाऱ्यानं मान मोडून काम केलं, पण गाडी एकोणसाठावर अडली. सुवर्ण दर्जाला साठ लागत होते.

नियमांत एक सोपा पॉइंट उरला होता: मजुरांना प्यायचं पाणी आणि बायांसाठी वेगळा संडास. हरिओमनं पत्र्याचा संडास उभारला, दारावर बाईचं चित्र रंगवून घेतलं आणि फोटो काढले. फोटोसाठी दारापुढं साइटवरच्या मजूर बेबीताईला उभं केलं. ती त्याच्याच गावची, धाड गावाच्या अलीकडची, त्याच्या आईसोबत कापूस वेचलेली. तिनं पदर सारखा केला आणि हसली.

फोटो निघाले आणि आठवड्याभरात कंत्राटदार दयारामनं संडासात फरशीची खोकी रचून कुलूप ठोकलं. बाहेर ठेवली की फरशी चोरीला जाते म्हणे. हरिओम एकदा म्हणाला, "काढून टाका हो ते." एकदाच म्हणाला. आता पोरगा काही वाईट नव्हता. वाईट असता तर त्याची गोष्ट सांगत बसायची मला काय हौस? पण भांडण नको म्हणून त्यानं तिकडं बघणंच सोडलं. एप्रिलच्या उन्हात बाया घमेली वाहत होत्या आणि दिवसभर पाण्याला तोंड लावत नव्हत्या. का लावत नव्हत्या, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

पुण्याहून अनुपमा मॅडम तपासणीला यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळीच खोकी हलली, संडास धुतला, माठ भरला. मॅडमनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटोतल्या बाई कुठायत? बोलायचंय त्यांच्याशी."

बेबीताई हात पुसत आली. शेजारी अर्जुनराव, दयाराम आणि हरिओम.

"हे रोज उघडं असतं का हो?"

हरिओमच्या तोंडचं पाणी पळालं. बेबीताईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"हाव मॅडम, रोज. कुलूप कायले लागते? साफ बी असते."

"आणि पाणी?"

"लय हाये," म्हणत तिनं माठातून तांब्या भरला आणि मॅडमसमोर घटाघटा रिकामा केला.

मॅडमनी कागदावर खूण केली. साठ झाले. अर्जुनरावांनी हरिओमची पाठ थोपटली, आणि खोटं कशाला बोला, त्याला आधी हायसंच वाटलं.

मॅडमची गाडी गेली आणि अर्ध्या तासात दयारामची माणसं खोकी परत आत रचू लागली. हरिओम ऑफिसच्या खिडकीपाशी उभा होता. कुंपणापलीकडं पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग होता. बेबीताई भरदुपारी घाईघाईनं त्याच्या आड गेली. रुपाली नावाची दुसरी मजूर बाई रस्त्याच्या बाजूला चादर धरून उभी राहिली. रस्त्यावरून मोटरसायकली जात होत्या. एकानं गाडी हळू केली, वळून पाहिलं. ते तांब्याभर पाणी बेबीताई आपल्यासाठी प्यायली, हे हरिओमला तेव्हा कळलं.

तो धावत खाली गेला. "खोकी बाहेर काढा."

"पॉइंट तं भेटला ना साहेब," दयाराम म्हणाला. "आता काऊन?"

हरिओम स्वतःच खोकी ओढू लागला. मॅडमला फोन करून खरं सांगावं म्हणून त्यानं मोबाइल काढलाही. पण मग बेबीताई खोटी ठरणार. आणि खरं सांगायचं तर, नोकरीही आठवली. मोबाइल परत खिशात गेला.

बेबीताई परत आली. "राहू दे बाबू, कपडे खराब होतीन तुह्ये."

"मावशी, खोटं काऊन बोलली तू?"

"मंग काय, पुण्याच्या बाईपुढं आपल्या गावच्या पोट्ट्याले मान खाली घालाले लावू?"

शेवटचं खोकं बाहेर ठेवून हरिओमनं दार सताड उघडलं. बेबीताईनं आत नजर टाकली, मग दयारामकडं पाहिलं, आणि घमेलं उचलता उचलता सहज विचारावं तसं विचारलं.

"उद्या बी कोनी पाहाले येनार हाये का?"

"नाही मावशी. उद्या कोणी नाही."

"मंग नाई पेत मी पानी," ती म्हणाली आणि कामाला लागली.