पेडलखालची थरथर

"काका, ब्रेक दाबा. आणि प्लीज, पाय उचलू नका," रवींद्र म्हणाला.

गुरुनाथ साळव्यांनी ब्रेक दाबला. सबंध नोकरी एस.टी.च्या ब्रेकवर पाय ठेवून काढलेल्या माणसाला ब्रेक दाबायला शिकवलं जात होतं. पण अमेरिकेत कॅरीला मुलाकडे, संग्रामकडे आल्यापासून ते सगळंच नव्याने शिकत होते, अगदी केळ्यावरचं स्टिकर सोलण्यापासून.

गेल्या आठवड्यात बर्फाळलेल्या उतारावर त्यांनी समोरच्यांची टपालपेटी आडवी केली होती.

"पेडल थरथरलं म्हणून पाय काढला," ते पुन्हा म्हणाले.

"अण्णा, ते एबीएस आहे," संग्राम वैतागला. "चाक घसरायला लागलं की ब्रेक आपोआप धरतो-सोडतो. पेडल थरथरणारच. तेव्हाच पाय काढायचा नसतो!"

"आमच्या डेपोत पेडल थरथरलं की गाडी वर्कशॉपला जायची. बिघाडाला सोय म्हणायची पद्धत नव्हती."

शेवटी ठरलं, गाडीत दोष निघाला तर अण्णांचं ड्रायव्हिंग चालू, नाही निघाला तर बंद. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर बायकोला, सुलभाबाईंना, मॉरिसव्हिलच्या दुकानात कोथिंबिरीला नेणारा हाच एक ड्रायव्हर होता.

संग्रामचा मित्र रवींद्र सॉफ्टवेअर टेस्टर. हौसेने घेतलेलं, गाडीतला बिघाड दाखवणारं स्कॅन टूल त्याने स्टिअरिंगखाली जोडलं.

"फॉल्ट नाही."

"म्हणजे बिघाड नाही?"

"म्हणजे मशीनला दिसला नाही. आमच्या ऑफिसात याला दुरुस्ती म्हणतात."

सुलभाबाई गॅरेजच्या दारात चहा घेऊन आल्या.

"पुन्हा अर्धाच कप?" गुरुनाथ गाडीतूनच म्हणाले. "इथं काय दूध रेशनवर मिळतं?"

"आधी ती परीक्षा आटपा," त्या म्हणाल्या.

रवींद्रने टूलचं बटण दाबलं. बॉनेटखाली घर्र झालं आणि पेडल थरथरलं.

"हेच! सापडला चोर!"

"काका, हे मी मुद्दाम केलं. टूलने एबीएसचा पंप चालवला."

"मग चोर तूच."

"हां, आता बंद केला. थांबलं ना?"

गॅरेज शांत झालं. गुरुनाथांच्या बुटाखाली पेडल थरथरतच होतं.

"नाही."

"असं कसं? टूल तर ऑफ दाखवतंय." रवींद्र गोंधळला. त्याने टूलची वायरच उपटली. संग्रामने वाकून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"आता?"

गुरुनाथांनी खाली पाहिलं. बुटाची लेस हलत होती. त्यांनी पाय पेडलवरून उचलून खाली मॅटवर ठेवला. थरथर पायाबरोबर खाली आली.

त्यांनी गुडघ्यावर तळवा दाबून धरला. बराच वेळ. जणू गाडी उतारावर उभी होती.

"अण्णा?"

"थांबलं," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे."

बाहेर येऊन त्यांनी खिशातली दुसरी किल्ली संग्रामच्या हातावर ठेवली.

"अहो अण्णा, मी काही लगेच..." संग्राम भांडायच्या तयारीने आला होता.

"राहू दे तुझ्याकडे. आणि आईला शनिवारी दुकानात ने. कोथिंबीर संपलीय."

रवींद्र अजून टूल उलटसुलट करून बघत होता.

सुलभाबाईंनी कप पुढे केला. गुरुनाथांनी तो दोन्ही हातांनी धरला. चहा आतल्या आत हेलकावत राहिला, पण कप अर्धाच होता. एक थेंब सांडला नाही.